अर्धशिशीवर मॅग्नेशियम: उत्तर अजून अर्धेच का?

कोजागरीच्या कार्यक्रमात आमच्या कार्यकारिणीतल्या एका ताईंना अर्धशिशीचा झटका आला. संध्याकाळपासून त्यांच्या डोळ्यांपुढे नागमोडी रेघा दिसत होत्या. पण गाणाऱ्यांची यादी त्यांच्या हातात होती, म्हणून त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मसाला दुधाच्या वासाने उलटी झाली, रंगमंचावरचे दिवे सहन होईनात, तेव्हा दोघांनी त्यांना रिक्षात घालून एका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत नेले. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी उलटीचे आणि दुखण्याचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले. ताई पहाटे घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर चौकशीबरोबर सल्लेही आले. एकाने चित्रफीत पाठवली. अर्धशिशी म्हणजे निव्वळ मॅग्नेशियमची कमतरता, रोज दोन गोळ्या घेतल्या की ती कायमची जाते, असे तीत एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते. एका सभासदांची मुलगी परदेशात नर्स आहे. तिने लिहिले, "आमच्याकडे असे पेशंट आले की काही डॉक्टर शिरेतून मॅग्नेशियम देतात." त्यावर ताईंनी एकच ओळ टाकली, "मग मला का नाही दिलं?"

मंडळाच्या आरोग्य समितीत आम्ही चौघे आहोत, त्यांतले दोघे निवृत्त डॉक्टर. ताईंना दोन वाक्यांत उत्तर देता येईल असे आम्हांला वाटले होते. कागद चाळायला बसलो तेव्हा कळले की हे उत्तर देण्यासाठी जी चाचणी व्हायला हवी होती, ती जगात कुठेच पुरेशी मोठी झालेली नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी दुखणे किती मोठे ते पाहू. बंगळुरू आणि आसपासच्या शहरी-ग्रामीण भागात घरोघरी जाऊन २,३२९ प्रौढांची पाहणी झाली होती, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचे प्रमाण तीत २५.२ टक्के निघाले. म्हणजे आपल्याच राज्यात चारांतला एक. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त असते. घरोघरी "तिचं डोकं दुखतंय, पडू दे जरा" एवढ्यावर हा विषय संपतो, त्यामुळे आकडा वाचून आम्हीही चमकलो.

आता मॅग्नेशियम. गोळीतले आणि कॅज्युअल्टीतले मॅग्नेशियम एकच खनिज असले तरी व्यवहारात ती दोन निराळी औषधे आहेत. इस्पितळात मिळते ते मॅग्नेशियम सल्फेट. एका छोट्या अँप्यूलमध्ये एक ग्रॅम, तेही अगदी स्वस्त, आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले. ज्या इस्पितळात बाळंतपणे होतात तिथे ते असतेच, कारण गरोदरपणात रक्तदाब वाढून फिट येऊ नये म्हणून ते देतात. या वापरामागे भक्कम पुरावा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक गरोदर स्त्रिया होत्या, भारतातल्याही होत्या, आणि फिट येण्याचा धोका मॅग्नेशियमने निम्म्यावर आला. आज शंका घ्यायला जागा नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनाही, बाईला मोठ्या दवाखान्यात धाडण्यापूर्वी, पहिला डोस टोचण्याची मुभा आहे.

अर्धशिशीत ते उपयोगी पडेल असे वाटायलाही कारण आहे. १९४४ साली लेआओ या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशांच्या मेंदूत एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे सरकते आणि जाता जाता तिथल्या पेशींना थोडा वेळ गप्प करते. ताईंना डोक्याआधी ज्या नागमोडी रेघा दिसतात त्या अशाच लाटेमुळे दिसतात असे आज मानले जाते. ही लाट ज्या दारांतून पुढे सरकते त्यांतल्या काहींना मॅग्नेशियमची कडी असते. मॅग्नेशियम कमी पडले की कडी सैल होते. १९९० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांच्या गटाने डोकेदुखीच्या चाळीस रुग्णांना एकेक ग्रॅम मॅग्नेशियम शिरेतून दिले, आणि बहुतेकांचे दुखणे पंधरा मिनिटांत ओसरले.

इथे थोडे थांबायला हवे. त्या चाळिसांसमोर तुलनेला दुसरा गट नव्हता. अर्धशिशीचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो आणि मग आपला आपण जातो. माणूस कॅज्युअल्टीत येतो तो बहुधा दुखणे अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर उतार लागायचाच असतो. अंधारी खोली, पाठ टेकायला खाट, हातात सुई, शेजारी धीर देणारे माणूस, एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते. म्हणून साधे सलाईन दिलेला गट शेजारी नसेल तर श्रेय औषधाचे, खाटेचे की घड्याळाचे, हे सांगता येत नाही.

पुढे अशा तुलना झाल्या, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. २००१ साली अमेरिकेत ४४ रुग्णांना उलटीचे नेहमीचे औषध मेटोक्लोप्रामाइड दिले. (आपल्याकडे घराघरात ठाऊक असलेले पेरिनॉर्म ते हेच. अर्धशिशीच्या दुखण्यावरही ते चांगले चालते.) त्यांतल्या निम्म्यांना जोडीला दोन ग्रॅम मॅग्नेशियम, बाकीच्यांना साधे सलाईन. मॅग्नेशियम मिळालेल्यांचे दुखणे कमी उतरले! २००२ साली ब्राझीलमध्ये एक ग्रॅम देऊन पाहिले. ज्यांना आधी रेघा-ठिपके दिसतात अशा साठ जणांत फायदा दिसला. ज्यांना दिसत नाहीत अशा साठ जणांच्या दुखण्यात ठळक फरक पडला नाही. २००५ साली तुर्कस्तानात ११३ रुग्णांचे तीन गट केले, एकाला मॅग्नेशियम, दुसऱ्याला मेटोक्लोप्रामाइड, तिसऱ्याला साधे सलाईन. अर्ध्या तासाने तिन्ही गटांना जवळपास सारखेच बरे वाटत होते, फक्त सलाईनवाल्यांना नंतर आणखी औषध जास्त वेळा लागले. २०१५ साली इराणमध्ये ७० रुग्णांत मॅग्नेशियम हे मेटोक्लोप्रामाइड आणि स्टेरॉइड यांच्या जोडीलाही सरस ठरले. २०२१ साली अमेरिकेतल्या एका कॅज्युअल्टीने १५७ रुग्णांवर मॅग्नेशियम आणि नेहमीची दोन औषधे ताडून पाहिली, तेव्हा अर्ध्या तासाला तिन्हींत ठळक फरक निघाला नाही.

या सगळ्याची बेरीज करणारेही एकमताचे नाहीत. २०१४ साली एका लेखात पाच चाचण्यांचे २९५ रुग्ण एकत्र करून फायदा नाही असा निष्कर्ष काढला. दोनच वर्षांनी दुसऱ्या लेखकांनी जास्त चाचण्या धरल्या आणि फायदा आहे असे लिहिले.

अशा वेळी दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला म्हणतो, पाहा, काही ठिकाणी गुण आलाच ना, मग द्यायला काय हरकत, स्वस्त तर आहे. दुसरा म्हणतो, काही उपयोग नाही, सोडा. आमच्या चौघांतही असे दोन तट पडले. चहा दोनदा झाला तरी मिटेना. शेवटी आमच्यातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी जुनी गोष्ट काढली आणि वाद थांबला.

ती गोष्टही मॅग्नेशियमचीच आहे. १९९१ साली हृदयविकाराच्या झटक्यावरच्या सात छोट्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमने मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसले. रुग्ण सगळे मिळून १,३०१. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टर इथे २,३१६ रुग्णांवर चाचणी झाली, तीतही मृत्यू २४ टक्क्यांनी घटले. स्वस्त, सोपे, सुरक्षित औषध सापडले असा गवगवा झाला. मग १९९५ साली 'आयसिस-४' या प्रचंड चाचणीचा निकाल आला. ५८,०५० रुग्ण. मॅग्नेशियम दिलेल्यांत पाच आठवड्यांत ७.६४ टक्के दगावले, न दिलेल्यांत ७.२४ टक्के. फायदा शून्य. २००२ साली ६,२१३ रुग्णांच्या आणखी एका चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. आमचे डॉक्टर म्हणाले, "त्या चार वर्षांत आम्हीही दिलंय हे. मनापासून दिलंय."

म्हणजे त्याच खनिजाच्या बाबतीत मोठ्या चाचणीने एकदा होकार दिला, एकदा नकार. बाळंतिणींच्या बाबतीत आशा खरी ठरली, हृदयाच्या बाबतीत खोटी. छोट्या चाचण्या पाहून आधी ओळखता आले नसते. अर्धशिशी या दोहोंपैकी कुठल्या बाजूला पडेल ते आज कोणी सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडे आपल्याहून जास्त माहिती नाही.

मोठी चाचणी का होत नाही? आम्हांला याचे कारण पैशात दिसते. एक तुलना करून पाहा. अर्धशिशीवर अलीकडे आलेले एप्टिनेझुमॅब हे महागडे, पेटंट असलेले इंजेक्शन चालू झटक्यात दिले तर काय होते, याच्या चाचणीत ४८० रुग्ण होते. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. ही त्या औषधाची एकमेव चाचणी नव्हे, केवळ एका प्रश्नासाठी केलेली. उलट मॅग्नेशियमच्या ज्या पाच चाचण्यांवरून २०१४ साली निकाल दिला, त्या सगळ्यांचे रुग्ण मिळून २९५. एक नवे औषध एका फेरीत जेवढी माणसे गोळा करते, तेवढी या खनिजाला पाच फेऱ्यांत मिळाली नाहीत. यात कोणाचा कट नाही. मॅग्नेशियम सल्फेट कोणाच्या मालकीचे नाही, त्यामुळे ते सिद्ध झाले काय, न झाले काय, कोणाच्या ताळेबंदात फरक पडत नाही. ज्यांना फरक पडतो ते कॅज्युअल्टीतल्या बाकावर डोळे मिटून बसलेले असतात.

मग हे काम सरकारी निधीने, वैद्यकीय महाविद्यालयांनी, एकाच वेळी अनेक ठिकाणी करायचे असते. आपल्याकडे कुठे होणार असे, असा सूर कोणी काढील. त्यांना आपल्याच जिल्ह्याची आठवण करून द्यावीशी वाटते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल या स्वस्त गोळीची चाचणी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातच झाली. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक त्यात होते, आणि गोळी देण्याचे काम गावोगावच्या नर्सबाईंनी केले. १,६२० स्त्रिया त्यात होत्या. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. निकाल २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आज जगात कुठेतरी एखादी बाई या गोळीने वाचते त्यात आपल्या तालुक्यांतल्या बायकांचा वाटा आहे. आमच्यापैकी तिघांना हे या लेखापर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल केलेले बरे.

कॅज्युअल्टीतली चाचणी मात्र गावातल्या चाचणीहून अवघड. एक तर मॅग्नेशियम शिरेत जाऊ लागले की अंगात ऊब पसरते, चेहरा लाल होतो. त्यामुळे आपल्याला औषध मिळाले की सलाईन, हे रुग्णाला कळून चुकते आणि तुलनेवर पाणी पडते. म्हणून साध्या सलाईनपेक्षा दुसऱ्या चांगल्या औषधाशी तुलना करणे जास्त उपयोगाचे, असे आम्हांला वाटते. त्यात रुग्णाला रिकामे सलाईन देऊन ताटकळत ठेवण्याचा प्रश्नही उरत नाही. दुसरे, मोजमाप केव्हा करायचे? अर्ध्या तासाने बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झटका आला तर ते यश कसले? चोवीस तासांनी फोन करून विचारायला हवे. तिसरे, किडनी अधू असलेल्या माणसात मॅग्नेशियम साठून राहते. ते फार वाढले तर गुडघ्याला हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आणि पुढे श्वासही मंदावतो. मायस्थेनियाच्या रुग्णांनाही ते धोक्याचे. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवावे लागते. एक-दोन ग्रॅमच्या डोसाने असे सहसा होत नाही, पण 'साधे खनिज तर आहे' म्हणून कुणी कॉम्पाउंडरकडून घरी टोचून घेऊ नये.

सगळ्यांत अवघड गोष्ट संमतीची. ज्याला उजेड सहन होत नाही त्याच्यापुढे चार पानी कागद धरून "इथे सही करा" म्हणणे ही संमती नव्हे. आणि इथे आपल्या मंडळाचा थेट संबंध येतो. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा साध्या भाषेत असले पाहिजे, असे आपल्या देशातले नियम सांगतात. बेळगावच्या कॅज्युअल्टीत समोरचा माणूस मराठी बोलणारा असेल, कन्नड असेल, उर्दू असेल. सही कानडी किंवा इंग्रजी कागदावर आणि समजावणे नर्सबाईंच्या तोंडी, घाईत केलेल्या मराठीत, असे झाले तर त्या सहीला काय अर्थ? मराठी कागद मागणे यात भाषेचे राजकारण नाही. आपल्या शिरेत काय जाणार ते आपल्या भाषेत कळणे एवढीच ती मागणी आहे, आणि कन्नड भाषकाने पुण्याच्या इस्पितळात कन्नड कागद मागितला तर तीही तितकीच रास्त.

नीतिसमितीबद्दलही पुष्कळांना माहिती नसते. कुठलीही चाचणी सुरू होण्यापूर्वी अशा समितीची मंजुरी लागते, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात डॉक्टरांखेरीज एक सामान्य नागरिकही असावा लागतो. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसे, वकील आहेत. त्यांच्यापैकी कोणाला बोलावणे आले तर नाही म्हणू नये. मराठी मसुदा वाचून "हे आमच्या आईला कळणार नाही" असे सांगणारे कुणीतरी त्या खोलीत हवे.

आता चित्रफितीतल्या गोळ्यांकडे. त्यांचा प्रश्न निराळा आहे. त्या चालू झटका थांबवण्यासाठी नसून झटके कमी यावेत म्हणून महिनोन् महिने घ्यायच्या असतात. १९९६ साली जर्मनीत याच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत ८१ रुग्ण होते, रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. बारा आठवड्यांअखेर झटके ४१.६ टक्क्यांनी घटले, खोट्या गोळीने १५.८ टक्क्यांनी. दुसरीत ६९ रुग्ण होते, काहीच फरक पडला नाही म्हणून ती मधेच थांबवली. काही डॉक्टर या गोळ्या देतात, त्यात गैर नाही, पण 'कायमची जाते' हे कुठेच सिद्ध झालेले नाही. पहिल्या चाचणीत जवळजवळ पाचांतल्या एकाला जुलाब झाले, हे चित्रफितीत नव्हते. थायरॉइडची गोळी किंवा काही अँटिबायोटिक्स चालू असतील तर मॅग्नेशियममुळे ती पोटात नीट शोषली जात नाहीत, म्हणून मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते. ज्वारीची भाकरी, कारळ्याची चटणी, तीळ, शेंगदाणे, पालेभाजी यांत मॅग्नेशियम भरपूर असते. ते खाऊन अर्धशिशी जाते असा आमचा दावा नाही, मात्र गोळीवर पैसे घालण्याआधी ताट पाहावे.

गोळ्यांपेक्षा मोठी चूक आम्हांला दुसरीकडे दिसते. दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची ही सवय. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा जास्त, मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा जास्त, असे काही महिने चालले की त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. आणि डोकेदुखी अचानक, क्षणात, आयुष्यातली सर्वांत जोराची म्हणून आली, ताप आणि मान ताठ झाली, हातपाय किंवा वाचा गेली, पडल्यानंतर किंवा गरोदरपणात-बाळंतपणानंतर सुरू झाली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवली, तर ती अर्धशिशी समजून घरी पडून राहू नये. तडक इस्पितळ गाठावे.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना घरी जाऊन दिले. त्या रात्रीच्या डॉक्टरांनी वावगे काही केले नाही. उलटीचे जे औषध त्यांनी दिले ते मेटोक्लोप्रामाइडच होते, आणि अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१६ साली कॅज्युअल्टीसाठी सुचवलेल्या औषधांत ते आहे. मॅग्नेशियम दिले असते तर तेही चुकीचे ठरले नसते, विशेषतः ताईंना आधी रेघा दिसतात म्हणून. पण त्याने जास्त बरे वाटले असते का, याचे उत्तर त्या डॉक्टरांकडे नव्हते, आमच्याकडेही नाही.

ताईंनी ऐकून घेतले. मग विचारले, "उद्या इथे अशी चाचणी निघाली तर मी नाव देऊ का?"

आम्ही म्हटले, द्या. मात्र झटका नसतानाच कागद मागून घ्या, तो मराठीत घ्या, आणि तीन गोष्टी विचारा. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, झाली आहे का? औषधाने गुण आला नाही तर दुसरे किती वेळात देणार? काही इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार?

ताईंनी हे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले. त्याच कॅलेंडरवर हल्ली त्या प्रत्येक झटक्याच्या तारखेभोवती लाल गोल काढतात. कार्तिकात आतापर्यंत दोन झाले आहेत.